मावशीचं नाक

६ फेब्रुवारी १९६६, रविवार

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात घालवल्यावर मी ऊनपाड्याला येऊन राहिले ती दोन कारणांनी. गुडघे आणि शांतता. गुडघ्यांसाठी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. शांतता काल संध्याकाळपर्यंत होती.

काल मनोरच्या बाजूने ट्रक आले आणि घरासमोरच्या माळावर लोखंड उतरवून गेले. आज सकाळपासून त्याचा उंच सांगाडा उभा राहतो आहे. त्याला रिग म्हणायचं. माझ्या व्हरांड्यातून आजवर साग दिसायचे आणि त्यांच्या मागे डोंगर. आता साखळ्या दिसतात. कुंडातल्या बुडबुड्यांना काडी लावली की ते क्षणभर पेटतात, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. मुंबईच्या कुणा शेटजींनी ते गेल्या वर्षी पाहिलं आणि त्यांना जमिनीखाली गॅसचा साठा दिसू लागला. त्यांनी कंपनी काढली, विहीर खणायला ठेकेदार नेमला. ठेकेदाराचा ड्रिलर कोण, तर आमचा बळवंत. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यापासून मीच त्याला वाढवला, चांगल्या शाळेत घातला, आणि त्याने अंकलेश्वरच्या तेलविहिरींवर जाऊन अंगभर चिखल फासून घेण्याची विद्या मिळवली.

"मावशी, तुझ्या दारातच काम मिळालं बघ," म्हणाला. जणू मी नवस बोलले होते.

ठेकेदाराचा मॅनेजर खोपकर नावाचा गृहस्थ आहे. सावलीतही काळा चष्मा काढत नाही. माझ्या विहिरीवरून त्याने रिगसाठी पाण्याचा पाइप नेला, विचारलंसुद्धा नाही. जाब विचारला तर म्हणतो, "राहून गेलं, बाई." मी म्हटलं, "तुमच्या आईचंही काही शिकवायचं राहून गेलेलं दिसतं."

ही डायरी मी मराठीत लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला इंग्रजीत डायरी लिहायला लावत आणि दर शनिवारी सिस्टर ती वाचत. त्यामुळे इंग्रजीत मला अजूनही नीट रागावता येत नाही.

१३ फेब्रुवारी

बळवंतची बायको आनंदी राहायला आली. पाचवा महिना आहे. माहेर केळव्याचं, नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेली. इथला भगभगीत माळ बघून पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या. म्हणजे रुळणार.

आज जेवताना तिने तारापूरचा विषय काढला. तिथे वीजकेंद्राचं मोठं काम चाललं आहे. पायासाठी खडकात भोकं पाडून दगडाचे नमुने काढतात. बळवंतला तिथून बोलावणं आलेलं आहे आणि जवळच सरावलीला खोलीही मिळते.

"तिथे नुसता दगड, गं," बळवंत म्हणाला. "इथे भोकाच्या तळाशी काहीतरी श्वास घेतंय."

"मग घेऊ द्या की त्याला. तुम्ही कशाला उठवताय?"

ही मुलगी मला आवडायला लागली आहे. शेवटी असं ठरलं, की या विहिरीची एकदा टेस्ट झाली की पावसाच्या आत तारापूर. आम्हा दोघींच्या देखत त्याने कबूल केलं.

८ मार्च

पाड्यावरची होळी झाली. रिगवरचे खलाशी, म्हणजे मजूर, सगळे पाड्यावरचेच, त्यामुळे दोन दिवस रिग गप्प. खोपकर चिडून येरझाऱ्या घालत होता. मला कित्येक दिवसांनी पक्ष्यांचे आवाज ऐकू आले.

खलाशांत झिपरू आहे. माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या कमळीचा नवरा. भात निघालं की दरवर्षी ही दोघं वीटभट्टीवर जातात. या वर्षी रिगवर मजुरी मिळणार असं दिवाळीतच कळलं म्हणून घरीच राहिली. कमळी मला "बाय, तू" म्हणते. अहोजाहो तिच्या बोलीत नाही. एक्स्चेंजमध्ये मला कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याची लाइनच तोडली असती. इथे मला ते ऐकायची सवय झाली आहे, का ते ठाऊक नाही.

गेल्या महिन्याच्या अखेरीस एका सकाळी उठले तर नासक्या अंड्यांचा वास. कुंडांना थोडा असतोच. लोक म्हणतात तोच सांध्यांना गुणकारी. हा त्याहून जाड होता. बळवंत चहाला आला तेव्हा मी सांगितलं.

"तुला कुठून येतो वास, मावशी?"

"नाकातून."

हसला. पण खूशही झाला. म्हणजे गॅस जवळ आला. मी म्हटलं, खूश काय होतोस, असल्या घाणीचं? तर म्हणाला, "अंकलेश्वरच्या गॅसला वासच नसायचा. तो शेजारी येऊन बसला तरी कळायचं नाही. त्याची धास्ती वाटायची. हा प्रामाणिक आहे, मावशी. दार वाजवून येतो."

वास ओळखायचे कागद मिळतात म्हणे. हवेत धरले की रंग बदलतात. खोपकरला त्याने मुंबईहून आणायला सांगितलं आहे. "येईपर्यंत तुझं नाक," म्हणाला. ते मात्र खरं आहे. एक्स्चेंजमध्ये वायर तापली की फ्यूज उडायच्या आधी मला कळायचं. साहेब लोकसुद्धा विचारायला यायचे.

तेव्हापासून रोज कामावर जाताना तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबतो आणि विचारतो, "काय म्हणतंय नाक?" मी सांगते. थोडा, बराच, फार. फार असला तर तो खलाशांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करतो. खोपकरला हे पोरकट वाटतं. त्याला काय, तो आठवड्यातून चार दिवस मुंबईला असतो.

२४ मार्च

काल विहिरीला गॅस लागला. जमीन आधी गुरगुरली, मग भांडी वाजली. आनंदीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. बळवंत चार माणसांना घेऊन धावला आणि विहिरीच्या तोंडावरचा जाडा व्हॉल्व्ह आवळला तेव्हा कुठे आवाज थांबला. मी शाळेत शिकलेली प्रार्थना म्हणत होते, असं आनंदी म्हणाली. मला आठवत नाही.

आज तो मला सगळं दाखवायला घेऊन गेला. रिगच्या पायाशी पुरुषभर खोल चौकोनी सिमेंटचा खड्डा आहे, त्याला सेलर म्हणतात. विहिरीचं डोकं त्या खड्ड्यात. त्यावर व्हॉल्व्ह आणि घड्याळासारखा काटा. तिथून एक पाइप दूर माळावर नेला आहे आणि त्याच्या टोकाशी गॅस जाळतात. ज्योत पुरुषभर उंच. किती दिवस जळते, काटा किती टिकतो, हे बघायचं म्हणजे टेस्ट. झिपरू ज्योतीकडे बघत होता. म्हणाला, "साहेब, ही इझत का नाय?"

"विझली तर आपण बेकार, झिपरू."

"मग जळू दे," तो म्हणाला.

ज्योतीचा वास वेगळाच. काडेपेटीच्या शंभर काड्या एकदम ओढल्यासारखा. घसा खवखवतो. मी खोपकरला सुनावलं. त्याने मला राष्ट्रकार्यावर छोटं भाषण दिलं. मी म्हटलं, राष्ट्राला म्हणावं, खोकायलाही ये.

कागद अजून आले नाहीत.

३ एप्रिल

डोळे चुरचुरतात. आनंदीचं डोकं दुखतं. पण आज लिहायचं ते दुसरंच.

निवृत्तीच्या दिवशी एक्स्चेंजच्या मुलींनी मला चांदीचे चमचे आणि तबक दिलं होतं. ते मी कपाटात लपवून ठेवत नाही, वापरते. आज पाहिलं तर चमचे काळे. डाग नव्हे, काळेच, तव्यासारखे. तबकही. कमळीला विचारलं, कशाने घासलेस?

"राखेनं, बाय. रोजच्यासारकं."

"राखेने चांदी अशी होते? कुंडाच्या पाण्यात बुडवून ठेवले असशील, आळशीपणाने."

"नाय, बाय. मी नाय बुडवलं. परवा घासलं तवा पांढरं व्हतं. आज पाह्यलं तं असं. मी दोनदा घासलं."

"दोनदा घासून काळी होते का चांदी?"

ती गप्प राहिली. मला गप्प राहणारी माणसं खोटी वाटतात. ती माझ्या धंद्याची सवय. लाइनवर माणूस गप्प झाला की समजावं तो काहीतरी लपवतो आहे. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. तिने पदराला हात पुसले आणि गेली. दारातून वळून म्हणाली, "हांड्यात पानी भरून ठेवलंय." तेवढंच.

आनंदी म्हणाली, "मावशी, माझं मंगळसूत्र सोन्याचं आहे म्हणून वाचलं, पण पायातली जोडवीही काळी झालीत. ती तर कमळीने नाही घासली." मी म्हटलं, घामाने होतं. तिला अशा दिवसांत घाम फार येतो.

९ एप्रिल

पाड्याखालच्या ओहोळात कमळीच्या कोंबड्या मेल्या. झिपरू सांगायला आला, कारण ओहोळ माझ्या कुंपणाला लागून आहे. मी विष घातलं असं त्याला वाटू नये म्हणून मीच त्याला खोदून विचारलं. काल चरायला उतरल्या त्या परतल्याच नाहीत. सगळ्या एका ठिकाणी आडव्या. मी जाऊन पाहिल्या. अंगावर जखम नाही. मी म्हटलं, ही मानमोडी. खाऊ नका, पुरून टाका. झिपरू म्हणाला, मान तर वाकडी नाय झाली. मी म्हटलं, झिपरू, मी पुस्तकात वाचलं आहे.

आनंदी डोहाळजेवणासाठी केळव्याला गेली. बळवंत तिला पालघरपर्यंत सोडून आला. येताना तारापूरच्या माणसाला भेटला. पहिल्या मेपासून ये म्हणतात. घर एकदम रिकामं वाटतं. माझ्या डब्यांच्या जागा मी पूर्ववत केल्या, मग परत तिच्यासारख्या लावल्या.

१४ एप्रिल

शेवटी माझा आवाज कुठेतरी पोचला म्हणायचा. वास गेला.

परवापासून काटा खाली येत होता. काल दुपारी माळावरची ज्योत आधी बुटकी झाली, मग निळी, मग विझली. संध्याकाळी एकदा त्या अंड्यांच्या वासाचा असा लोट आला की मी तोंडावर पदर धरून आत पळाले. आणि आज सकाळी उठले तर काही नाही. हवा स्वच्छ. मी व्हरांड्यात उभी राहून दीर्घ श्वास घेतले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच.

बळवंत खिन्न होऊन बसला होता. "विहीर मेली, मावशी. लहानसा कप्पा होता, रिकामा झाला."

"मेली तर बरं झालं. सुटलास."

"तुला काही कळत नाही," तो म्हणाला. लगेच त्याला वाईट वाटलं आणि त्याने मला चहा करून दिला, इतका गोड की पिववला नाही. पाच वर्षांचा असताना त्याच्या हातून बशी फुटली तेव्हाही असाच माझ्यामागे फिरत होता.

खोपकरने निरोप पाठवला आहे की पावसाच्या आत सामान हलवा. विहिरीच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह किमती आहे, तो आधी काढा. बळवंत म्हणाला, "कागद आले असते तर खात्री झाली असती."

मी म्हटलं, "कागद कशाला हवेत? मी आहे ना."

१७ एप्रिल, रविवार

आनंदी आली. हिरव्या बांगड्या, फुलांनी केस भरलेले, सातव्या महिन्याचं पोट. झिपरूने तिचं सामान मनोरच्या रस्त्यावरून उचलून आणलं. फाटकातून आत येते ना येते तोच तिने नाकाला रुमाल लावला.

"केवढी घाण येतेय, मावशी. ओहोळ ओलांडताना तर मला भडभडून आलं."

मी म्हटलं, वेडी का? वास जाऊन चार दिवस झाले.

"नाही हो, येतोय. पहिल्यापेक्षा वाईट."

बळवंत तिथेच पायरीवर बसून पाना साफ करत होता. हसून म्हणाला, "आता कुणाचं खरं धरू? मावशीचं नाक म्हणतं नाही, हिचं नाक म्हणतं आहे."

मी म्हटलं, "दिवस गेलेल्या बाईला भिंतीचाही वास येतो. तुझ्या आईला तू पोटात असताना फणसाच्या झाडाखालून जाता येत नसे. एक्स्चेंजमध्ये वायर तापली तर विचारायला कुणाकडे यायचे, हिच्याकडे की माझ्याकडे?"

आनंदीने रुमाल पुन्हा तोंडाला लावला. ओकारी आली म्हणून आत गेली. मी तिला लिंबाचं सरबत दिलं. दिवे लागल्यावर तीच म्हणाली, "आता नाही येत." मी म्हटलं, बघ. प्रवासाने होतं असं.

उद्या व्हॉल्व्ह काढणार. मग सगळं आवरणार. पहिल्या मेला सरावली. आनंदीने आत्तापासूनच माझी एक कढई मागून ठेवली आहे.

१८ एप्रिल

सकाळी तो खिडकीशी थांबला. "काय म्हणतंय नाक?"

मी खिडकी पूर्ण उघडली, श्वास घेतला आणि म्हटलं, "काहीच नाही. जा."

बाकी काही लिहिता येत नाही.

२२ एप्रिल

लिहायलाच हवं. नाहीतर लोक दुसरंच काही बोलतील आणि मला तेच आठवेल.

बळवंत पाना घेऊन सेलरमध्ये उतरला. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर असताना त्याने हात वर केला, असं खलाशी सांगतात. झिपरूला वाटलं, काहीतरी मागतो आहे. त्याने विचारलं, "काय पायजे, साहेब?" बळवंत उत्तर न देता खाली बसला, जसं माणूस दमून बसतो. झिपरूने शिडी धरली आणि उतरला. बाकीचे सांगतात की त्याने बळवंतच्या बगलेत हात घातला, त्याला अर्धा उचललाही. मग दोघेही तसेच राहिले. तिसरा उतरत होता, त्याला इतरांनी कंबरेला धरून ओढलं. तो वर येऊन बेशुद्ध पडला, तासाभराने उठला.

मला आरडाओरडा ऐकू आला नाही. ओरडायला वेळच मिळाला नाही. मी डाळ निवडत होते.

त्यांना वर काढायला दोरीचे आकडे लागले. ते मी पाहिलं, आनंदीला पाहू दिलं नाही. तिचे खांदे दाबून मी तिला मोरीत बसवून ठेवलं. ती माझ्या हाताला चावली. बरं केलं.

बळवंतच्या खिशात पाच पैशांचं नाणं होतं. काळं.

दोघांनाही एकाच दिवशी पोचवलं. पाड्यावरच्यांनी झिपरूला त्यांच्या रीतीने नेलं, आम्ही बळवंतला आमच्या. ओहोळाच्या वाटेला कुणी गेलं नाही. सगळे लांबून वळसा घालून गेले. कुणी काही सांगितलं नव्हतं तरीही.

२९ एप्रिल

सरकारी तपासनीस आला. तरुण माणूस, तोंडावर बांधायचा रबरी मुखवटा गळ्यात अडकवलेला. त्याच्याबरोबर खोपकर आला होता. आज चष्मा नव्हता. डोळे लहान आहेत.

तपासनीसाने खिशातून पांढऱ्या कागदाची पट्टी काढली, दोऱ्याला बांधली आणि सेलरमध्ये सोडली. लगेच वर ओढली. पट्टी काळीकुट्ट. माझ्या चमच्यांसारखी. तो म्हणाला, व्हॉल्व्हखालचा जोड फुटला होता. गॅस वरच्या पाइपला न जाता खड्ड्यातच भरत होता. म्हणून काटा उतरला, म्हणून ज्योत विझली. हवेपेक्षा जड असतो, खड्डे आणि ओहोळ भरून काढतो.

मी ती पट्टी मागून घेतली. हातात धरून पाहिली.

मग खोपकर बोलू लागला. म्हणाला, "वास तर सगळ्यांनाच येत होता. माझ्या कपड्यांना मुंबईत येत होता. इतका वास असताना ड्रिलर उतरला, आता त्याला आम्ही काय करणार? तरुण रक्त, हट्टी."

आनंदी आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

मी म्हटलं, "वास येत नव्हता."

"बाई, तुम्हाला दुःखात..."

"मला दुःखात काही होत नाही. चार-पाच दिवस वास येत नव्हता. तो रोज मला विचारूनच कामावर जायचा, हे तुमच्या प्रत्येक खलाशाला ठाऊक आहे. त्या दिवशीही विचारलं. मी सांगितलं, काही नाही, जा. माझ्या शब्दावर तो उतरला. त्याच्या नावावर हट्ट लिहिलात तर मी मनोरच्या बाजारात उभी राहून तुमचं नाव घेईन." आणि तपासनीसाला म्हटलं, "माझं नाव घाला. बाईच्या सांगण्यावरून उतरला, असं."

तपासनीसाने लिहिणं थांबवलं. मग हळू बोलला. त्याच्या जागी मी असते तर इतकी हळू बोलले नसते. "बाई, हा गॅस थोडा असतो तेव्हा वास येतो. वाढला की तो आधी नाकच मारतो. माणूस नंतर. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं. उलटच असतं."

"आणि नव्याने आलेल्याला?"

"त्याला येतो. सुरुवातीला तरी. बाहेरून आलेल्या कुणी सांगितलं होतं का?"

आतल्या खोलीत खाट करकरली. मी म्हटलं, "हो. माझ्या सुनेने सांगितलं होतं."

त्याने खोपकरला विचारलं, वासाचे कागद का नव्हते?

"मागवायचे राहून गेले," खोपकर म्हणाला.



८ मे

विहीर सिमेंटने बुजवली. रिग उतरवताहेत.

आज कमळीकडे गेले. ओहोळ टाळून वरच्या वाटेने गेले, गुडघ्यांनी फार छळलं. तिच्या झोपडीच्या ओट्यावर ती रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, निवडत होती. पाटावर बस म्हणाली नाही, पण पाट सरकवला. मी चमचा बरोबर नेला होता. का नेला, ठाऊक नाही. तिच्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "तू नीट घासले होतेस."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

मिलोतले खडे बाजूला पडत होते. मी म्हटलं, "कोंबड्यांनाही मानमोडी झाली नव्हती."

"ती बी म्हाईत हाय. तो म्हनला व्हता, मान वाकडी नाय. तू म्हनलीस पुस्तकात हाय. मग पुरल्या." दोन खडे बाजूला टाकून म्हणाली, "साहेबाला हात का लावला त्यानं, आसं समदी मला इचारतात. मी काय सांगू? समोर मानूस बसला तं हात देतोच की."

मला रडू आलं नाही. तिलाही नाही. उठताना मी म्हटलं, कामाला ये. ती म्हणाली, "पावसानंतर पाहू. भट्टीवर जायाचं हाय." मग चमचा उचलून माझ्या हातात दिला. "ह्यो तुझा ने."

वाटेवर मला कळलं की या वर्षीही ती दोघं घर सोडून भट्टीवर गेली असती तर झिपरू आज असता. मग कळलं की हे तिलाही माहीत असणार. तिने ते मला ऐकवलं नाही.

१९ मे

आनंदी उद्या केळव्याला जाणार. बाळंतपण तिकडेच. बळवंत गेल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बोललीच तर हं, नाही, ठेवा. मी तिच्या जागी असते तर तेवढंही बोलले नसते. डब्यांच्या जागा तिनेच लावलेल्या आहेत, मी हलवलेल्या नाहीत. कढई मी तिच्या ट्रंकेत ठेवली. तिने काढली नाही.

सकाळी मी सवयीने खिडकी उघडली. श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. तेच. विहीर बुजली आहे, कागदाच्या पट्ट्या आता चार दिवस टांगल्या तरी पांढऱ्याच राहतात, तपासनीस पुन्हा येऊन स्वतः सांगून गेला. तरी मी उभी, आणि नाक काही सांगेना. नाही म्हणजे नाही, की नाही म्हणजे आहे, हे आता मला या जन्मात कळणार नाही.

मी हाक मारली, "आनंदी, जरा इकडे ये गं."

ती आली. पोटावर हात धरून खिडकीशी माझ्या शेजारी उभी राहिली. बळवंत उभा राहायचा ती जागा बाहेर रिकामी होती.

मी म्हटलं, "मला कळत नाही. तू सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर तोंड करून डोळे मिटले आणि घाई न करता श्वास घेतला. एकदा, पुन्हा एकदा.

"येतोय, मावशी," ती म्हणाली. "अगदी थोडा. कुंडांचा."

"नक्की?"

"नक्की."

मी म्हटलं, मग ठीक आहे. आणि खिडकी उघडीच ठेवली.